खड्ड्याकडचा कोपरा

लष्कर ते माळरान सोडून गेलं आणि बाबांनी दारांना हात घातला. नव्या घराचा अजून पत्ता नव्हता, पण राहत्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये चौकटी उभ्या राहू लागल्या, मग खिडक्या, मग स्वयंपाकघराचा दरवाजा. बाबा सुतार होते. शेजारचे चेष्टा करायचे, "भिंती नंतर मागवणार वाटतं?" बाबा म्हणायचे, "भिंती काय, कोणीही बांधतं."

ते लहान असताना लष्कराने त्यांची वस्ती एका दुपारीत उठवली होती. थोड्या वर्षांचा प्रश्न आहे, असं तेव्हा सांगितलं होतं. तिथे तोफांचा सराव सुरू झाला आणि तो बंद होईपर्यंत वस्तीतली माणसं एकेक करून गेली. बाबा तेवढे उरले. आता जमीन साफ करून तिथे नवी घरं बांधायचं ठरलं होतं, आणि जुन्या रहिवाशांना जिथे घर होतं तिथेच प्लॉट मिळणार होता.

त्यांची लेक साफसफाईच्या टोळीत होती. हे काम तिने मुद्दाम धरलं होतं. डिटेक्टर जमिनीवरून फिरवत पुढे सरकायचं, तो किरकिरला की गुडघे टेकायचे आणि माती चिमटी-चिमटीने बाजूला करून न फुटलेला गोळा मोकळा करायचा. ती पाय इतके जपून टाकायची की टोळीत तिचं नाव मांजर पडलं होतं. संध्याकाळी ती दारात आली की बाबांचा प्रश्न ठरलेला, "आज कुठवर आलात?"

एके दिवशी ती आली आणि चपला न काढताच शेडमध्ये जाऊन उभी राहिली.

"बाबा, आपल्या घराचा कोपरा साफ होणार नाही."

"होणार नाही म्हणजे? तू कशाला आहेस मग?"

"गोळे मी काढीन. पण तिथे खड्डा होता. जुना दारूगोळा त्यात टाकून जाळायचे, वर्षानुवर्षं. ते विष मातीत मुरलंय, पार खालच्या पाण्यापर्यंत. माती तपासणाऱ्या बाईंनी परत परत तपासलं."

"मग खणा."

"खणलं, बाबा. कडेला, जिथवर गोळे काढून झालेत तिथे."

"आणखी खणा! यंत्रं काय शोभेला आणलीत?"

लेकीने हळूच सांगितलं, की त्यावर प्लास्टिक अंथरून चिकणमातीचा जाड थर दाबून बसवणार आहेत आणि वर गाड्या लावायला जागा करणार आहेत. बाबांना माळाच्या दुसऱ्या टोकाचा प्लॉट मिळणार होता. "छान उजेडाचा आहे. रस्त्याला लागून."

"मला उजेड नकोय," बाबा म्हणाले आणि रंधा उचलून एक गुळगुळीत फळी पुन्हा तासायला लागले. फळी कामातून गेली तरी त्यांचा हात थांबेना. लेकीला ते बघवेना, ती आत निघून गेली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, भर दुपारी, टोळी कापडी मांडवाखाली जेवत होती. खोदयंत्राचा चालक एकदम उठून उभा राहिला. "अरे, तो कोण चाललाय आत?"

लाल फितीच्या पलीकडे, जिथे अजून टोळीतलं कोणीही पाऊल टाकलं नव्हतं, तिथे एक म्हातारा खांद्यावर चौकट घेऊन चालला होता. चौकट जड होती, तिच्या ओझ्याने तो एका बाजूला झुकत होता. लेकीच्या हातातला घास तिथेच राहिला.

"बाबा! थांबा! हलू नका!"

ते थांबले नाहीत. खड्ड्याजवळ पोचल्यावर त्यांनी चौकट गवतात उभी केली आणि तिला धरून ते श्वास घेत राहिले.

मुकादमाने लेकीचा दंड पकडला. "बाहेरून पथक बोलावतो. तू जायचं नाहीस. घरचं माणूस असलं की हात कापतो, माहितीये तुला."

"पथक येईपर्यंत बाबा खाली बसतील नाहीतर इकडेतिकडे फिरतील. सोडा मला."

मुकादमाने हात सोडला नाही. तिनेच झटका देऊन सोडवला, डिटेक्टर उचलला आणि ती फितीखालून आत गेली.

ते अंतर एरवी तिने गाणं गुणगुणत पार केलं असतं. आता एकेका पावलासाठी ती घामाघूम होत होती. डिटेक्टर किरकिरला, ती वळसा घालून गेली. पुन्हा किरकिरला. या वेळी माती बाजूला केली तर गंजलेली गोलाई दिसली, आणि तिच्या अगदी कडेला, दबलेल्या गवतावर, बाबांच्या बुटाचा ताजा ठसा. पुढे जायचं बळ यायला तिला थोडा वेळ लागला.

बाबांना ते दिसलं असावं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "मी आलो त्याच वाटेने परत येतो गं. तू नको येऊस."

"आलात ते नशिबाने. आता जागचं हलायचं नाही. माझ्याशी बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही. मला शिव्या द्या."

बाबांनी शिव्या दिल्या नाहीत. ते जमिनीकडे बघत म्हणाले, "इथे ओळखूच येत नाही काही. उंबरा कुठे होता तेही कळेना. मला वाटलं होतं, पाय ठेवला की कळेल."

ती त्यांच्यापर्यंत पोचली. तिने त्यांचा हात आपल्या खांद्यावर ठेवला. "माझ्या पावलावर पाऊल. बाकी कुठे नाही."

"चौकट?"

"राहू दे."

"पोरी, खरं सांग. किती खणलं की चांगली माती लागेल?"

एवढा वेळ आवरून धरलेलं रडू तेव्हा फुटलं. "नाही लागत, बाबा. आम्हाला तळच सापडला नाही."

तिचा खांदा घट्ट धरून, आंधळ्यासारखे, बाबा तिच्यामागून बाहेर आले. मुकादमाने दोघांना पाणी दिलं आणि मग मान खाली घालून तिला सांगितलं, की उद्यापासून डिटेक्टर हातात घ्यायचा नाही. नियम नियमच. तिने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवसापासून ती फाटकाशी, माळरानातून निघणाऱ्या गाड्यांच्या चाकांची माती धुवायला लागली.

बाबांचं बोलणं जवळजवळ संपलं. नव्या प्लॉटवर सही करायला बोलावणं आलं तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून झोपले. "तुला हवा तर घे," एवढंच म्हणाले. तिला हवा होता की नव्हता, हे तिचं तिलाच कळत नव्हतं. ज्या मातीतून तिने आपल्या हातांनी गोळे उकरून काढले, तिच्यावर घर बांधून आपल्याला झोप लागेल का, हाही प्रश्न होता.

कोपऱ्यावर चिकणमाती पडली त्या दिवशी मात्र बाबा उठून कुंपणापाशी आले. लेक हातातला पाइप टाकून त्यांच्याशेजारी उभी राहिली. रोलर पुढे जात होता, मागे येत होता. बाबांनी हात वर करून चालकाला थांबायची खूण केली. त्याचं लक्ष नव्हतं. त्यांनी पुन्हा हात केला आणि मग तो खाली घेतला.

ते म्हणाले, "माझी आई जाईपर्यंत विचारायची, वस्ती उठवली त्या दिवशी निघताना दूध तापत ठेवलं होतं, ते कोणी उतरवलं का म्हणून. कोणालाच आठवायचं नाही."

लेकीने त्यांच्याकडे पाहिलं. ते रोलरकडे बघत होते.

"उतरवलं असेल का गं कोणी?"