मेमरी पुसली

महिपती काही खोटारडा माणूस नव्हता, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्याला फाडून खाल. यवतमाळकडून पुण्यात आला, ऑफिसांना भाड्याने झेरॉक्स मशीन देणाऱ्या एका एजन्सीत मेकॅनिक म्हणून चिकटला, आणि दोन हजार बारा सालापर्यंत त्याच्याविरुद्ध एक तक्रार आली नाही. झेरॉक्स मशीन म्हणायचं आपलं सवयीनं. एव्हाना प्रिंट, स्कॅन, फॅक्स सगळं त्याच एका खोक्यात आलं होतं. तर या माणसाने उभ्या नोकरीत एकदाच घाई केली, आणि तीही पोरीला कात्रजच्या सर्पोद्यानातले साप दाखवायचे म्हणून.

शनिवार होता. कर्वेनगरातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीचं जुनं मशीन परत न्यायचं होतं. तिथलं ऑफिस द्वारकाताई सांभाळायच्या. रजेचे अर्ज, विम्याचे कागद, सगळ्यांचं सगळं त्याच स्कॅन करायच्या. जिभेला धार होती, पण महिपती आला की आधी चहा, मग काम. "महिपतीभाऊ, मशीनपेक्षा तुमचीच सर्व्हिसिंग जास्त होते इथे," म्हणत बिस्किटाचा पुडा पुढे सरकवायच्या. सात वर्षं हे असंच चाललं होतं.

एजन्सीच्या फॉर्मवर शेवटची ओळ छापलेली होती: 'मेमरी पुसली.' द्वारकाताईंनी त्यावर बोट ठेवलं.

"भाऊ, खरंच पुसली ना? लोकांचे काय काय कागद गेलेत यातून."

"पुसली ना ताई."

"नक्की?"

"हो जी."

"तिसऱ्यांदा विचारते. उद्या लोक मला धरतील, तुम्हाला नाही."

महिपतीने हसत बटण बंद केलं आणि प्लग ओढला. "हे बघा, दिवा गेला, मेमरी गेली. आता याला स्वतःचं नावसुद्धा सांगता यायचं नाही." त्याही हसल्या. सही झाली, शिक्का बसला.

आता यातली गोम ऐका. अशा मशीनला आठवणी दोन. एक हातातल्या कामापुरती; वीज गेली की ती कोरी. दुसरी आतल्या हार्ड डिस्कमधली; प्लग काढा, टेम्पोत घाला, हवं तिथे न्या, ती काही विसरत नाही. ती पुसायची तर वेगळी आज्ञा द्यावी लागते आणि तीन तास बसावं लागतं. महिपतीला हे ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं! पण घरी पोरगी चपला घालून दारात उभी असणार होती. फॉर्मवर नुसतं 'मेमरी' लिहिलेलं, कुठली ते नव्हतं, आणि एक तर गेलीच होती की. दुसरी एजन्सीच्या गोदामात पुसू, असं म्हणून त्याने मनाची समजूत घातली. सोमवारी तो गोदामात पोचेपर्यंत मशीन मार्केट यार्डाजवळच्या हिंदुरावांच्या झेरॉक्सच्या दुकानात रवाना झालं होतं. जाऊन पुसायला हवं होतं. आज जाऊ, उद्या जाऊ करत राहूनच गेलं.

दोन महिन्यांनी हिंदुरावांचा फोन आला. "सायेब, मशीनीत कुणाची तरी कागदं हायती की! चुकून बटण दाबलं तर डॉक्टरची चिठ्ठी भाईर आली."

हातातलं काम टाकून महिपती धावला. मशीनच्या पडद्यावर ओळीने नावं होती, द्वारकाताईंनी एकेक करून घातलेली. सगळ्यांत वर 'शेफाली, विमा.' चिठ्ठी मनाच्या डॉक्टरची होती, उदासीवरच्या गोळ्यांची.

"ही आणखी कुणी पाहिली?"

"एका गिऱ्हाइकानं फोटू काढला. म्हनला, ही तर आमच्या बहिनीच्या हापिसातली. म्या वरडलो, पर तवर गेला बी."

महिपती तिथेच तीन तास बसला आणि डिस्क पुसून उठला. आता तरी हायसं वाटावं की नाही? कसलं काय! त्या दिवसापासून त्याला जेवण जाईना.

पुढच्या बुधवारी नव्या मशीनचा टोनर बदलायला तो कंपनीत गेला, तेव्हा टेबलावर चहा नव्हता. द्वारकाताई ड्रॉवर रिकामा करत होत्या. डोळे सुजलेले. शेफालीची चिठ्ठी ऑफिसभर फोनवर फिरली होती, पहिल्यांदा कुणी पाठवली ते कुणी कबूल करत नव्हतं, आणि ती पोरगी आठवडाभर कामावर आलेली नव्हती. कागद फक्त द्वारकाताईंच्या हातून गेलेला. साहेबांनी संध्याकाळपर्यंत राजीनामा मागितला होता.

"मशीनमधून गेला असेल, असं कुणी म्हणालं नाही?" महिपतीने चाचरत विचारलं.

"साहेब म्हणाले होते. मीच नाही म्हटलं." द्वारकाताईंनी फाइलमधून त्याच्या सहीचा फॉर्म काढला. "हा दाखवला. म्हटलं, महिपतीभाऊ माझ्यासमोर पुसून गेलेत, त्यांच्यावर उगाच आळ नको. मग काय, मशीन सुटलं, मी उरले." पदराने नाक पुसून त्या म्हणाल्या, "नोकरीचं सोडा हो. काल शेफालीला फोन केला. 'मावशी, तुम्हीसुद्धा?' एवढंच बोलली आणि ठेवला."

अरे बाप्पा! महिपतीला धरणी फाटून पोटात घेईल तर बरं असं झालं. गप्प राहिला असता तर कुणाला काही कळणार नव्हतं. डिस्क कोरी. हिंदुरावांना कंपनीचं नावही माहीत नाही. नोकरी शाबूत, पोरीची शाळा शाबूत. नुसतं तोंड मिटून टोनर बदलायचा. त्याने मशीनचं झाकण उघडलंसुद्धा. पण टोनर न बदलताच ते परत लावलं.

"ताई, मी पुसली नव्हती."

"काय?"

"मेमरी. अर्धीच गेली होती. मला ठाऊक होतं." मग शब्द थांबेचनात. कात्रज, तीन तास, हिंदुरावांचं दुकान, तो फोटो. "काहून केलं मी असं, ताई, काहून केलं..."

द्वारकाताईंनी सगळं ऐकून घेतलं.

"मी तीन वेळा विचारलं होतं."

"हो."

"तीन वेळा."

त्यांनी कोरा कागद पुढे ठेवला. त्याने सगळं लिहिलं, खाली सही केली आणि साहेबांच्या केबिनमध्ये स्वतः वाचून दाखवलं. साहेबांनी एजन्सीला फोन लावला. त्या एका फोनात महिपतीची नोकरी गेली. दुसरा फोन शेफालीला लावून त्यांनी रिसीव्हर द्वारकाताईंच्या हातात दिला. पलीकडून "मावशी" एवढंच ऐकू आलं आणि मग दोघीही रडायला लागल्या.

महिपती बाहेर थांबून राहिला. चार शिव्या खाल्ल्याशिवाय त्याला तिथून हलवेना. द्वारकाताई बाहेर आल्या, त्याला पाहून थबकल्या.

"ताई, बोला ना काही. वाट्टेल ते बोला."

त्यांनी खाली पडलेली त्याची हत्यारांची बॅग उचलून त्याच्या हातात दिली.

"ही आपली बॅग," त्या शांतपणे म्हणाल्या. "आपण या आता."

आपण! सात वर्षांत या बाईंनी त्याला भाऊ सोडून दुसरं काही म्हटलं नव्हतं. महिपती बॅग घेऊन जिना उतरला.