पाहुण्याचं रिकामं पान

गोव्यात पाळी गावच्या खाणीवर खनिज चाळायचं नवं यंत्र बसवायला जपानहून एक इंजिनियर आला. यशवंत तिथे फोरमन होता. त्याने त्या साहेबाला रविवारी घरी जेवायला बोलावलं, आणि धास्ती बसली ती त्याच्या बायकोला, प्रभावतीला. जपानी माणसाची नव्हे, सासऱ्यांची.

सगुणमामंजी पंगतीला बसले की शेजारची माणसं घास जपून चावत. जेवताना तोंडाचा आवाज झालेला त्यांना मुळीच खपत नसे. एका लग्नात शेजारच्या पाहुण्याने कढी फुरकली, तर मामंजी भरल्या पानावरून उठून सरळ घरी आले होते. ते लग्न लोक विसरले. हे उठणं कोणी विसरलं नव्हतं.

"साहेब कसे जेवतात हो?" प्रभावतीने नवऱ्याला विचारलं.

"साहेबासारखे. गार्फ आणि कुलेर घेऊन," यशवंत म्हणाला, आणि ऑफिसातल्या कोणाकडून तरी काटा-चमचे, मेज आणि मेजावर घालायची फुलाफुलांची चादर मागून घेऊन आला.

रविवारी कंपनीची जीप दारात थांबली. हिराओका साहेब ठेंगणे, चष्मा लावलेले, यशवंतहून थोडे मोठे असतील. पायरीशी त्यांनी बूट काढले, वाकून ते उचलले आणि टोकं बाहेर करून नीट जोडीने ठेवले. दाराआडून सासूबाई, रुक्मिणी, हे बघत होत्या.

"घरचा वळण बरा दिसता," त्या सुनेच्या कानात म्हणाल्या.

साहेबांनी मेज पाहिलं. मग आतल्या खोलीत मामंजींसाठी मांडलेला पाट आणि केळीचं पान पाहिलं. त्यांनी तिकडे बोट दाखवून यशवंतला इंग्रजीत काहीतरी विचारलं. यशवंत गडबडला. थोड्या वेळाने मामंजींच्या समोर आणखी दोन पाट पडले आणि फुलाफुलांची चादर एकटीच बाहेर राहिली. साहेब गुडघे दुमडून, टाचांवर ताठ बसले. मामंजींनी पानाभोवती पाणी फिरवलं. साहेबांनी पानासमोर हात जोडले, मान लववली आणि स्वतःच्या भाषेत दोन शब्द पुटपुटले. मामंजींची भुवई समाधानाने वर गेली. प्रभावतीचा जीव जरा भांड्यात पडला.

आणि मग साहेबांनी सोलकढीची वाटी डाव्या हाताने उचलली, तोंडाला लावली आणि फुर्रर्र करून असा लांबलचक भुरका मारला की परसातली कोंबडी मान वर करून बघायला लागली.

यशवंतने मान खाली घातली. मामंजींचा घास हातातच राहिला. साहेब मात्र डोळे मिटून, मान डोलावत दुसऱ्या भुरक्याच्या तयारीत. प्रभावती चुलीशी उभी राहून वाट बघत होती, आता उठतील, आता उठतील. पण दुसऱ्याच्या घरून उठून माणूस आपल्या घरी येतो. आपल्या घरून उठून जायचं कुठे? मामंजींनी घास तोंडात घातला आणि भिंतीकडे बघत चावू लागले.

बांगड्याचं हुमण, ते नारळाचं कालवण, आणि उकडा भात साहेबांनी मन लावून खाल्ला. एक शीत पानावर ठेवलं नाही.

"पान रिकामा दिसता गे, वाढ!" सासूबाई म्हणाल्या.

प्रभावतीने वाढलं. साहेबांनी मान लववली, तेही संपवलं. पान पुन्हा लख्ख. पुन्हा भात, पुन्हा हुमण. साहेबांच्या कपाळावर घाम आला, त्यांनी बसण्याची ढब बदलली, एक खोल श्वास घेतला आणि पुन्हा शेवटच्या शितापर्यंत आले. सासूबाई हरखल्या होत्या. "बरो जेवता गे बापडो! परदेशात पोटभर कोण घालता ह्येका?"

प्रभावती भाताचं भांडं घेऊन पुढे आली आणि साहेबांची नजर त्या भांड्यावर पडली. ती नजर तिने ओळखली. नव्या नवरीची नजर होती ती, तिची स्वतःची.

पार्सेला तिच्या माहेरी पानात शीत टाकलं तर आईचा धपाटा बसे. लग्न होऊन पाळीला आली, पहिल्याच जेवणाला तिने पान पुसून घेतलं आणि सासूबाईंनी वाढलं. तिने ते संपवलं, त्यांनी पुन्हा वाढलं. नको म्हणायची नव्या सुनेची छाती होईना. शेवटी परसात माडाआड जाऊन तिला सगळं ओकून टाकावं लागलं होतं.

ती भांडं हातात घेऊन तशीच उभी राहिली. "अहो," ती यशवंतला म्हणाली, "त्यांना विचारा, पोट भरलंय का. त्यांना टाकवत नाहीये, म्हणून जेवतायत."

"पाव्हण्याक असा कोण विचारता?" मामंजी गुरगुरले.

पण यशवंतने विचारलं. साहेब आधी नाही नाही म्हणाले, मग हळूच हो म्हणाले, आणि मग बांध फुटल्यासारखे बोलत सुटले. यशवंत ऐकता ऐकता हसायला लागला.

"बाबा, त्यांच्याकडे भाताचं भांडं लख्ख केलं की झालं जेवण. शीत ठेवलं तर अन्नाचा अपमान. ते मघापासून सांगतायत, पुरे म्हणून. आणि आपण वाढतोय!"

"अगो माझे आवशी!" सासूबाईंनी तोंडावर हात ठेवला. मग त्या सुनेकडे वळल्या. "तुका कसा कळला गे?"

प्रभावतीने सांगून टाकलं. माडाआडचंसुद्धा. इतक्या वर्षांत हे तिच्या तोंडून कधी निघालं नव्हतं.

"आणि माका वाटला," सासूबाई म्हणाल्या, "पार्सेकडची पोरां खादाड!" त्यांना हसू आवरेना. पदराने डोळे पुसत त्या खाली बसल्या, मग प्रभावतीलाही हसू फुटलं.

तिने साहेबांना आपल्याकडची रीत दाखवली. दोन्ही हात पानावर आडवे धरायचे, जरा पुढे झुकायचं आणि "पुरे, पुरे" म्हणायचं. साहेब इतके मनापासून झुकले की त्यांचा चष्मा सोलकढीच्या वाटीत पडला.

या सगळ्या गोंधळात मामंजींचं जेवण आटोपलं. ते पाणी प्यायले, त्यांनी पोटावरून हात फिरवला आणि नेहमीप्रमाणे घरभर ऐकू जाईल असा ढेकर दिला. साहेब दचकले. त्यांचे कान लाल झाले आणि काही ऐकलंच नाही अशा थाटात ते वरच्या कौलांकडे बघू लागले.

"त्यांना काय झालं?" प्रभावतीने विचारलं.

यशवंतने कळवळून दोघांकडे पाहिलं, आणि एकदाचं दोन्ही बाजूंना सांगितलं. बाबा, त्यांच्याकडे फुरकून खाल्लं की चव आवडली असं समजतात. ढेकर मात्र देत नाहीत. साहेब, आमच्याकडे ढेकर म्हणजे तृप्ती. फुरकत मात्र नाहीत.

मामंजींनी साहेबांच्या वाटीकडे पाहिलं. मग त्यांची मिशी हलली.

"म्हणजे ह्येचो ढेकर आदी येता," ते म्हणाले, "नि माझो मागसून!"

यशवंतने ते कसंबसं इंग्रजीत सांगितलं आणि हिराओका साहेब टाचांवरून घसरून चक्क मांडी घालून हसले.

त्यानंतर यंत्र बसेपर्यंत साहेब दर रविवारी येत. जायच्या आधीच्या रविवारी ते सकाळीच आले, हातात पुडकं. मुरगाव बंदराला जपानी बोट लागली होती, तिथल्या आचाऱ्याकडून त्यांनी शेवयांसारखं काही आणलं होतं. चूल मागितली. पुडक्यातल्या सुक्या मासळीचा वास पाण्याला सुटला तेव्हा सासूबाई खूष झाल्या. आपलीच वाटली ती मासळी त्यांना.

पानं मांडायची वेळ झाली तसे साहेब स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले आणि यशवंतकडून निरोप ऐकवला: आज वाढणार ते, म्हणून घरातली सगळी माणसं एकदम बसली पाहिजेत.

"बायका मागसून जेवतत," मामंजी म्हणाले.

"त्या शेवया थांबत नाहीत म्हणे, मऊ होतात," यशवंत म्हणाला.

मामंजींनी सासूबाईंकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, आणि स्वतः उठून भिंतीला लावलेले दोन पाट आडवे केले.

प्रभावती बसली. सासरी आल्यापासून पुरुषांच्या पंगतीत ती पहिल्यांदाच बसत होती. पाठीमागे कोणी हाक मारील म्हणून कान अजून टवकारलेलेच. साहेबांनी दोन्ही हातांनी तिच्यासमोर वाडगा ठेवला. वाफ तिच्या तोंडावर आली. रोज ती जेवायला बसे तेव्हा भात गार झालेला असायचा, हुमणावर तेलाचा थर धरलेला असायचा. तिने वाडगा उचलला, बोटांना चटका बसला तरी खाली ठेवला नाही, आणि साहेब मामंजींना वाढायला वळेपर्यंत ती अर्ध्यावर आलीसुद्धा होती.