मोकळा शनिवार

फ्रिजवरच्या मॅग्नेटचा एक कोपरा वर आला होता... कॉलेज दर वर्षी असं एक मॅग्नेट छापतं, त्यावर मोसमातले सगळे शनिवार, कुठल्या तारखेला कोणाशी सामना, इथे की बाहेर – आणि मधली एकच ओळ रिकामी, तिथे नुसतं 'बाय', म्हणजे त्या आठवड्यात सामना नाही. त्या दिवशी दवाखान्यातून परत आल्यावर अवधूत त्या ओळीकडे बघत उभा राहिला होता. डॉक्टरांनी सांगून अडीच तास झाले होते. अंडाशयाचा कॅन्सर, पोटात सगळीकडे पसरलेला. त्याची बायको, यामिनी, मागे खुर्चीत बसून बूट काढत होती. चहा टाकतोस का, म्हणाली. त्याने टाकला. साखर घालायची राहिली, आणि ती तसाच प्यायली.

त्याला वर्ष झालं. यामिनी मार्चमध्ये गेली. आता पुन्हा ऑक्टोबर, पुन्हा बाय वीक, आणि अवधूत ऑफिसात बसून पुढच्या संघाचे व्हिडिओ बघतोय. एकच डाव पुढे, मागे, पुन्हा पुढे. पंचवीस वर्षं हेच केलं. पुण्याहून अमेरिकेत संख्याशास्त्र शिकायला आला, फी माफ होते म्हणून टीमचे व्हिडिओ कापायचं काम धरलं – चेंडू हातात घेऊन धावायचा तो इथला फुटबॉल, त्याला तेव्हा नियमही माहीत नव्हते. पण समोरचे पुढच्या डावात काय करतील हे तो आकड्यांवरून सांगायला लागला, आणि तसंच घडायला लागलं. मग मदतनीस, मग कोच. टेक्सासमधली चार कॉलेजं, चार घरं. गणपतीला डॅलसजवळ अर्विंगला गेलं की त्याचा मित्र अनिल हमखास विचारायचा, "काय रे अवधूत, तुमच्या फुटबॉलात पाय कुठे वापरतात?"

उत्तर यामिनीच द्यायची. "पळायला. घरापासून लांब."

सगळे हसायचे.

कोच लोकांच्या घरी वर्षाचं सगळं त्या एका मोकळ्या आठवड्यात बसवतात. लग्नं, गुडघ्याची ऑपरेशनं, पाहुणे. त्यांच्या मुलीची, अनिकाची, अक्कलदाढसुद्धा बाय वीकमध्येच काढली होती. कोणाला त्यात वावगं वाटत नाही. म्हणून जुलैत यामिनी म्हणाली की पोट फुगल्यासारखं वाटतं, दोन घास खाल्ले की पुरे होतं, आणि डॅलसच्या दवाखान्याने सत्तावीस ऑगस्टची वेळ दिली – तेव्हा ते इतक्या सहज तोंडातून गेलं... बाय वीकमध्ये घेऊ या, मी सोबत येईन. ती म्हणाली होती, एकटी जाते, दोन तासांचा तर रस्ता. तो नको म्हणाला. प्रेमानेच म्हणाला. फोन करून वेळ त्यानेच पुढे ढकलली. सहा आठवडे.

"बरं," यामिनी म्हणाली होती. "टीमच्या सोयीने आजारी पडायला शिकलेय मी आता."

ती हसली. तोपण हसला.

दुपारी फोन वाजला. अनिका, सांता क्लाराहून.

"बाबा, बिझी आहेस? मी डॉक्टरकडे आलेय. फॅमिली हिस्टरी विचारतायत. आईला फर्स्ट सिम्प्टम्स कधी आले?"

पडद्यावर बावीस माणसं थांबवलेली होती, कोणी वाकलेलं, कोणी हात पसरून.

"ऑक्टोबर," तो म्हणाला.

"ते डायग्नोसिस, बाबा. त्याआधी काहीच नाही? शी नेव्हर सेड एनीथिंग?"

"तुझी आई सांगायची कुठे काही."

 अनिका बारीक आवाजात म्हणाली, "येस. दॅट्स आई." जेवलास का, तिने विचारलं. त्याने हो म्हटलं. जेवला नव्हता.

फोन ठेवल्यावर तो डाव पुढे सरकवायचं विसरून बसून राहिला. वर्षभर तो गप्प होता, पण ते नुसतं गप्प राहणं होतं. कोणी विचारलंच नव्हतं, असं म्हणता येत होतं. आज त्याने ते उचलून यामिनीवर ठेवलं – जी सांगत होती, जी एकटी जायला तयार होती, तिच्यावर. आणि अनिकाला ते पटलं. इतकं लगेच पटलं...

तीन वाजता खेळाडू आले. व्हिडिओच्या खोलीत त्याचा नियम आहे: ज्याची चूक त्याने स्वतः बोलायचं, कोचने नाव घ्यायच्या आधी. मागच्या सामन्यातला एक डाव आला. मागच्या रांगेतून आवाज आला, "माझी होती ती, कोच." अवधूतने नेहमीसारखं "ठीक, पुढे" म्हणायला हवं होतं. तो तोच डाव पुन्हा पुन्हा मागे नेत राहिला. पोरं वळून बघायला लागली. कोचला बायको आठवली असेल, असं त्यांना वाटलं असणार. चांगली पोरं आहेत.

सहाला तो गाडीत येऊन बसला. सहा आठवड्यांनी काही फरक पडला असता का, हे त्याने डॉक्टरांना कधी विचारलं नाही. पूर्वी वाटायचं, आता कळून काय उपयोग. आता तेवढंसुद्धा म्हणता येत नव्हतं. डॉक्टरकडच्या फॅमिली हिस्टरीच्या कागदावर अनिकाच्या नावाखाली ऑक्टोबर लिहिला गेला होता.

शनिवार मोकळा आहे. अनिकाला जुलैचं सांगायचं राहिलं आहे.