पाठीवरची थाप

“ज्याच्या पाठीवर तू थाप मारशील, त्याला आम्ही उचलणार. सोपं आहे की नाही?” साहेब म्हणाले.

हवालदारमामांना ते सोपं वाटलं नाही. अठरा वर्षं ते फुटबॉलच्या मैदानावर एकाच फाटकाशी उभे होते. मैदानाकडे पाठ, गर्दीकडे तोंड. एकही गोल त्यांनी डोळ्यांनी पाहिला नव्हता. लोकांच्या तोंडावरून कळायचा. येणाऱ्या प्रत्येकाच्या पाठीवर थाप मारून ते त्याला आत सोडत. त्या थापेच्या जोरावर या फाटकाशी कधी काठी उगारावी लागली नव्हती. पोरं त्यांना मामा म्हणत. खात्यात त्यांना कुत्रंही विचारत नव्हतं.

पण गेल्या सामन्यात तिघांनी बाटल्या फेकल्या आणि एका शिपायाचा डोळा गेला. त्या तिघांना ओळखणारे मामा एकटेच.

“जमत नसेल तर सांग,” साहेब म्हणाले. “तू त्यांना सामील आहेस असं लिहून टाकतो. निवृत्तीला सातच महिने राहिलेत ना?”

“जमेल, साहेब.”

गर्दी आली तेव्हा मामांनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले होते.

“काय मामा, आज थाप नाही?”

“खांदा धरलाय रे. हो पुढे.”

ते तिघं काही दूधखुळे नव्हते, आलेच नाहीत. सामना सुरू व्हायची वेळ झाली. तिकीटखिडकीजवळ साध्या कपड्यांतले चार शिपाई चुळबुळत होते. साहेबांच्या कपाळावर आठी चढली.

तेवढ्यात ढोल्या धावत आला. अंगाने काडी, पण गळ्यात हा भला मोठा ढोल. मामी इस्पितळात होत्या तेव्हा याने न सांगता दोनदा रक्त दिलं होतं.

“मामा, पोरगी झाली! सकाळीच! नाव तुम्हीच सुचवायचं!” म्हणत त्याने मामांना मिठी मारली.

मामांचं भान सुटलं. हात आपसूक वर गेला आणि थाप पडली.

चौघं तुटून पडले. ढोल्याचं तोंड खडीवर घासलं गेलं, ढोल कुणाच्या तरी बुटाखाली फाटला. तो मात्र अजून हसत होता. “अहो, काहीतरी घोटाळा झालाय. मामा, सांगा ना यांना!”

“हाच ना?” साहेबांनी मामांच्या डोळ्यांत रोखून विचारलं.

‘नाही’ म्हणायला कितीसा वेळ लागतो? मामांनी ढोल्याकडे पाहिलं. मग साहेबांकडे पाहिलं.

“हाच,” ते म्हणाले.

ढोल्याचं हसू तेव्हा कुठे थांबलं. डोळा फोडल्याचा गुन्हा त्याच्या माथी बसला. साहेबांनी मामांना चहा पाजला, तो मामांनी प्यायलासुद्धा.

पुढच्या सामन्याला मामा फाटकाशी होतेच. लोक आले. शिवी कुणीच दिली नाही, की नजर चुकवली नाही. एकेक जण मामांकडे तोंड करून, पाठ पलीकडच्या भिंतीला घासत आत गेला.