बंड्याचे कान

सोपानराव कात्रीला धार लावत ओट्यावर बसले आणि त्यांच्या सुनेनं, कस्तुरानं, चुलीवरचा तवा उतरवून ठेवला. चार दिवसांपूर्वी आणलेल्या पिल्लाचे कान आणि शेपूट आज कापायची होती. कारेगावात कुत्रं पाळायचं तर हे आधी. कान तोडले की कुत्रं तिखट होतं, दुसरं कुत्रं कानाला धरून त्याला लोळवत नाही, असं सोपानरावांच्या वडलांपासून चालत आलेलं. शेजारचे कोंडिबा पिल्लाचे पाय धरायला आले होते. वाटीत हळद कालवून तयार होती.

कस्तुरानं पिल्लाला, बंड्याला, उचललं आणि पदराखाली घेतलं.

"आण त्ये हिकडं," सासरे म्हणाले.

"न्हाई द्यायची, मामा."

कोंडिबांनी तोंडावर हात धरून हसू दाबलं. बाईमाणसानं कुत्र्याचा कैवार घ्यायचा, म्हणजे त्यांना गंमतच होती.

"वाघ्याचं कान तुम्हीच कापलं व्हतं. शेपूट बी. मग त्यो भ्यालाय का चिडलाय, कुणाला कळलं?" कस्तुरा म्हणाली.

वाघ्या, त्यांचं आधीचं कुत्रं; त्याचं नाव दोन महिने त्या घरात कुणी काढलं नव्हतं. त्याच्या पायात बाभळीचा काटा मोडला होता आणि कस्तुराची पोर, पिंकी, त्याच्याशी खेळायला गेली. तो मान फिरवत होता, सारखं नाक चाटत होता, डोळ्यांचा पांढरा कोपरा दाखवत होता. कस्तुरानं चुलीपासून ते पाहिलं. पोरीला मागं घ्या, त्यो भ्यालाय, असं दोनदा ओरडली. ओट्यावरची मंडळी म्हणाली, काही नाही, गप तर उभा आहे. बिचाऱ्याला पाडायला कान नव्हते, पायांत घालायला शेपूट नव्हती. उरले होते फक्त दात. पिंकीला इंजेक्शनं घ्यावी लागली आणि वाघ्याला टेम्पोत घालून दौंडच्या मालधक्क्यावर सोडून दिलं. कस्तुराला अजून राग यायचा तो वाघ्याचा नाही, ओट्यावरच्यांचा.

"कुत्रं हाय त्ये. त्याला काय बोलायचं असतंय?" सोपानराव कात्री घेऊन उठले.

तिनं बंड्याला पदराखालून काढून पुढं धरलं. सासरे जवळ आले तसे त्याचे कान मागं चिकटले, शेपूट पोटाखाली गेली.

"बघा. ह्येच बोलतंय त्ये. मला दिसतंय, तुमाला बी दिसतंय." मग लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच तिनं सासऱ्यांसमोर डोक्यावरचा पदर मागं सारला आणि मान वाकडी केली. "त्याच्या आधी माझा कान कापा. बुगडी काढून ठिवते."

कोंडिबा चप्पल शोधू लागले. सोपानराव कात्री घेऊन आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते रानातून आले तर बंड्या चार हातांवर थांबला. शेपटीचं टोक हलत होतं, अंग मात्र मागंच.

"काय म्हंतंय गं त्ये?" सोपानरावांनी खाली बघतच विचारलं.

"वळखलंय तुमाला. पर हात मोकळं हायेत का, त्ये बघतंय."

सोपानराव उकिडवे बसले आणि दोन्ही तळहात उघडून त्यांनी पिल्लापुढं धरले.