रामेल्ट मास्तरांची पेटी

मी रामेल्ट मास्तरांची पेटी बोलतेय. माझ्या जातीला क्लॅविकॉर्ड म्हणतात. आवाज इतका हळू, की शेजारच्या खोलीत कुणी खोकलं तरी मी विरून जाते. पट्टी दाबली की आतली पितळी तार हलकेच बोलते, आणि बोट तसंच ठेवून जरा थरथरवलं तर सूरही थरथरतो. एवढं एकच मला येतं.

जर्मनीतल्या माइन नदीच्या काठी, द्राक्षमळ्यांच्या गावात, चर्चचे ऑर्गन बांधणाऱ्या एका कारागिराने मला लिंडनच्या लाकडातून घडवलं. ओटिलिया लग्न होऊन आली तेव्हा माहेरचं म्हणून मलाच घेऊन आली. तिचा नवरा किलियान रामेल्ट तिथल्या जहागीरदाराच्या, म्हणजे काउंटच्या पदरी संगीतकार होता. काउंट जेवायला बसले की वाजवायचं, शिकारीला निघाले की वाजवायचं. एकदा मास्तरांनी जरा उदास काही बसवलं, तर काउंट म्हणाले, "रामेल्ट, आम्हाला रडवू नका हो, सूप खारट होतं!" सगळे हसले. मास्तरही हसले. तेव्हापासून उदास ते सगळं माझ्याकडे येऊ लागलं.

मग गावात देवी आल्या. ओटिलिया तीन दिवसांत गेली. त्यांचा चार वर्षांचा मुलगा आल्बान तापात पडून होता. डोळ्यांना उजेड सोसेना म्हणून भर दुपारी खिडक्या बंद. दार वाजलं तरी पोर किंचाळायचं. मास्तरांनी मला ओढत त्याच्या पलंगाशी नेलं आणि एक चाल वाजवायला घेतली. तोवर मी ती कधी ऐकली नव्हती. पोराला झोप लागेपर्यंत ते वाजवत राहायचे.

घर सांभाळणारी वाल्बुर्गा दारात उभी राहून डोळे पुसायची. "मास्तर, ही लिहून ठेवा हो."

"ही काउंटच्या जेवणासाठी नाही," ते म्हणाले. आणि लिहिली नाहीच.

आल्बान जगला. मोठा झाला, मानहाइम शहरात जाऊन संगीतकार झाला, वर्तमानपत्रांत त्याचं नाव येऊ लागलं. एके वर्षी शरदात तो घरी आला तो गाडीवर नवा पियानो घालूनच. मला कोपऱ्यात सरकवलं गेलं.

"बाबा, या पेटीत अजून आवाज राहतो, का नुसते उंदीर?"

"उंदीरच असतील. सुरात गातात मात्र."

रविवारी गावातली चार बडी माणसं आली. माझ्यावर कॉफीचे पेले आणि आलुबुखाराच्या केकची ताटली मांडली होती. मास्तर माझ्याशेजारी खुर्ची घेऊन बसले. आल्बानने आपला नवा सोनाटा सुरू केला. पहिला भाग झाला, दुसरा सुरू झाला, आणि मास्तरांचा हात माझ्या झाकणावर आला. पियानोतून सूर निघायच्या आधीच त्यांचं बोट त्या जागी पडत होतं. तीच चाल होती.

औषधवाल्याची बायको रडत होती. "हे सुचलं कुठून तुम्हाला?"

"खरं सांगू? मलाच माहीत नाही," आल्बान म्हणाला. "आठवतंय तेव्हापासून माझ्या आतच आहे."

वाल्बुर्गा पुढे झाली. "अरे आल्बान, ही तर..."

"वाल्बुर्गा, केक वाढ," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज इतका चढलेला मी कधी ऐकला नव्हता.

"बाबा, तुम्ही काहीच बोलला नाहीत?"

"छान आहे. शेवटी जरा घाई करतोस."

मंडळी गेली, आल्बान त्यांना पोचवायला गेला, तशी वाल्बुर्गाने पेले आपटत मास्तरांना धारेवर धरलं. "तुमची चाल! तुमच्या डोळ्यांदेखत! आणि तुम्ही आपले गप्प?"

मास्तर माझ्यावर सांडलेली कॉफी रुमालाने पुसत होते. मग म्हणाले, "त्याला आईचा चेहरासुद्धा आठवत नाही, वाल्बुर्गा. त्या दिवसांतलं एवढंच त्याच्यापाशी उरलंय. तेही मागून घेऊ?"

त्यानंतर दोन हिवाळे ते जगले. काउंटसाठी लिहिलेले त्यांचे कागद नव्या काउंटच्या स्वयंपाकघरात पावाच्या साच्यांखाली गेले. आल्बान त्यांना पुरायला आला, खूप रडला, आणि पियानो घेऊन परतला. मला वाल्बुर्गाने ठेवून घेतलं. तिच्यामागून तिच्या भाचीने. माझ्या तारा उपसून भाचीच्या घरच्यांनी द्राक्षवेली बांधल्या. माझ्यावर आता धुतलेल्या चादरींच्या घड्या पडतात.

यंदा थंडीत मला चुलीत घालणार, असं काल बोलणं झालं. लिंडनचं लाकूड लगेच पेटतं, त्यामुळे फार वेळ लागायचा नाही. माझं काही मागणं नाही. तो सोनाटा मोठमोठ्या शहरांत वाजतो म्हणे, आल्बानच्या नावावर. वाजू दे. फक्त या गावात किलियान रामेल्ट नावाचा एक माणूस राहत होता आणि त्याच्या बायकोचं नाव ओटिलिया होतं, एवढं तुम्ही ऐकून ठेवा.