चारशे एक कुप्या

दर महिन्याच्या पाच तारखेला ठमी मामाशी खोटं बोलायची, आणि तेही तोंडातून अक्षर न काढता. त्याच्या खात्यात पैसे पाठवायची, एवढंच. ठमी हे काही तिचं खरं नाव नव्हे. चौतीस वर्षांची, चष्मा लावणारी, दहा वर्षं एका मोठ्या ऑफिसात प्रोग्रॅम लिहिलेली बाई होती ती. पण मामाने लहानपणी एकदा ठमी म्हटलं, ते चिकटलं ते चिकटलंच.

मामा घड्याळजी. एका अरुंद दुकानात चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून त्याने लोकांची बंद घड्याळं उघडली आणि चालू करून परत दिली. शाळा सुटली की आई कामावरून येईपर्यंत ठमी त्या दुकानात स्टुलावर बसलेली असायची. मामा भंगारातलं एखादं घड्याळ सोडवून तिच्यापुढे टाकायचा आणि म्हणायचा, "जोड आता." पुढे त्याचा हात थरथरायला लागला. गिऱ्हाइकांनी काही बोलायच्या आतच त्याने दुकान आवरलं आणि जागा मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या एकाला भाड्याने दिली. त्या भाड्यात त्याचं कसंबसं भागायचं, पण कुणाकडून पैसे घेईल तर शपथ. ठमीची आई होती तेव्हा तिने एकदा पाकीट पुढे केलं होतं, तर हा पठ्ठ्या सख्ख्या बहिणीशी आठ महिने बोलला नाही.

म्हणून ठमीने गेम काढला. लोकांना ती सांगायची की ऑफिसचा कंटाळा आला, स्वतःचं काहीतरी करावंसं वाटलं. तेही खोटं नव्हतं. पण मुळात तिला मामाला पैसे द्यायचे होते आणि तो कामाशिवाय घेणार नव्हता.

गेमचं नाव 'बंद घड्याळं'. मामाच्या हाताखालून गेलेली चाळीस घड्याळं त्यात होती. प्रत्येकाची चक्रं विस्कटलेली. ती बोटाने सरकवून जागच्या जागी बसवायची, की घड्याळ चालू. पहिली पाच फुकट, पुढची पाच-पाचच्या संचात, एक संच शंभरला. अडलंच तर तेलाची कुपी विकत घ्यायची, तीही शंभरला. कुपीतला एक थेंब टाकला की अडलेलं चक्र आपोआप जागेवर जातं. मामाने एकेक घड्याळ आठवून सांगितलं, तिने काढलं, आणि त्याने अकरा घड्याळं परत पाठवली. "हे चक्र उलटं फिरतंय, ठमे. असं घड्याळ जगात नाही." खेळणाऱ्याला ते कळणार नाही असं तिने म्हणून पाहिलं. मामाने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तिने गुपचूप सगळी अकरा पुन्हा काढली.

कामाला सुरुवात करण्याआधी ती त्याला म्हणाली होती, "जे येईल त्यातलं निम्मं तुझं." मामाने स्क्रीनवरची किंमत पाहिली आणि म्हणाला, "म्हणजे शंभरातले पन्नास." दुकान बंद झाल्यापासून त्याचा चेहरा एवढा खुललेला तिने पाहिला नव्हता. आता त्या चेहऱ्याला कोण सांगणार, की शंभरातले तीस ॲप स्टोअर आधीच कापून घेतं आणि निम्मं करायचं ते उरलेल्या सत्तराचं? तोंडाशी आलेलं तिने गिळलं. तेव्हापासून शंभरातले तीस स्टोअरचे, पन्नास मामाचे, वीस ठमीचे. आणि त्या विसातून सर्व्हरचं भाडं, जाहिराती, आणि तिचं जगणं. आतबट्ट्याचा व्यवहार म्हणतात तो हाच. ऑफिसात असताना जमवलेली पुंजी ती दर महिन्याला थोडी थोडी कुरतडत होती.

धीर यायचा तो एकाच गोष्टीने. विक्री वाढत होती. पहिल्या महिन्यात दहा हजारांची झाली, दुसऱ्यात पंधरा, मग साडेसतरा, आता एकोणीसच्या वर. आणि या वाढीत एक अवलिया होता. स्टोअरच्या अहवालात नावं दिसत नाहीत, नुसते क्रमांक दिसतात. त्या क्रमांकाचा माणूस दर महिन्याला तेलाच्या कुप्या घ्यायचा. आधी पन्नास घेतल्या, मग पंचाहत्तर, मग सत्त्याऐंशी, मग आणखी. ठमीने त्याचं नाव कुपीवाला ठेवलं होतं. नवल म्हणजे तो घेतलेलं तेल वापरायचा नाही. चाळीसच्या चाळीस घड्याळं त्याने पहिल्याच आठवड्यात जोडली होती, तीही तेलाचा एक थेंब न टाकता. मग एवढं तेल कशाला? ठमीने स्वतःची समजूत काढली, की कुणीतरी श्रीमंत, एकाकी माणूस असेल, त्याला गेम आवडला असेल, आणि दाद द्यायची त्याची ही रीत असेल. कधी काम नकोसं झालं की ती त्याचा क्रमांक काढून बघत बसायची.

अशात जुन्या ऑफिसातून फोन आला. तिची जागा रिकामी झाली होती, परत येतेस का, सोमवारपर्यंत सांग. ठमीने चार दिवस विचार केला. नोकरी घेतली तर पगार होता, पण गेम मागे पडणार. नोकरी नाकारली तर उरलेली सगळी पुंजी दुसऱ्या चाळीस घड्याळांत घालावी लागणार. ती विक्रीच्या चढत्या रेघेकडे बघत राहिली आणि शेवटी तिने ठरवलं, नाकारायची. फक्त त्याआधी मामाला तिसाचं सांगून टाकायचं. दुसरा गेम त्याच खोट्यावर उभा करायची तिची छाती नव्हती.

रविवारी दुपारी ती मामाकडे गेली. त्याची खोली पहिल्या मजल्यावर. खिडकीजवळ दुकानातलं जुनं टेबल आणि त्यावर चिमटे, लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लावलेले. हात थरथरायचे, पण मांडणी अजून तशीच. मामाने चहा ठेवला. कप आणताना थोडा बशीत सांडला, ते दोघांनीही पाहिलं नाही असं केलं.

कसं बोलावं ते सुचेना, तेव्हा ठमी म्हणाली, "मामा, तुझा फोन दे बघू. गेमची नवी आवृत्ती टाकून देते."

"राहू दे. मी कुठे खेळतो? मला उत्तरं सगळी पाठ आहेत."

"अरे, दोन मिनिटांचं काम आहे."

"चार्जिंग नाही," मामा म्हणाला. फोन टेबलावर होता आणि चार्जरला लावलेला होता.

ठमीने तो उचलला. मामा एकदम उठला, पण मग तसाच खाली बसला आणि खिडकीबाहेर बघायला लागला. तिने गेम उघडला. चाळीस घड्याळं, सगळी चालू. वरच्या कोपऱ्यात तेलाची कुपी, आणि तिच्याशेजारी आकडा, चारशे एक.

तिला कळायला वेळ लागला नाही. 

"कुपीवाला तू आहेस," ती म्हणाली.

"कोण?"

"चारशे एक कुप्या, मामा. चाळीस हजारांच्या."

 मामा चोरी पकडली गेल्यासारखा, पण जरा तोऱ्यातच, म्हणाला, "माझे पैसे, मी काय वाटेल ते घेईन. तू ऑफिस सोडलंस. गेल्या वर्षीची चप्पल अजून घालतेस. येतेस तेव्हा तीन चपात्या जास्त खातेस. मला दिसत नाही का? हातात दिले असते तर घेतले नसतेस. म्हणून म्हटलं, तुझे आले की तेल घ्यायचं. शंभरातले पन्नास तुला, पन्नास परत मला. त्या पन्नासाचं पुन्हा तेल. दर महिन्याला सगळे घालायचो मी. एवढं काय त्यात?"

ठमीला हसू येत होतं आणि रडूही येत होतं. तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि सांगायला बसली. शंभरातले तीस आधी स्टोअर घेतं. उरतात सत्तर. त्यातले पन्नास ती त्याला देते. तिला वीस राहतात.

मामाने टेबलावरचा एक चिमटा उचलला, परत ठेवला. "वीस?"

"वीस."

"सहा महिने?"

"सहा महिने."

"म्हणजे तू मला पोसत होतीस," मामा म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही, पण असा कोरडा झाला की ठमीला आईच्या पाकिटाची आणि त्या आठ महिन्यांची आठवण झाली. तिला खरंच भीती वाटली. गेम बुडाला तरी चालेल, हा माणूस गप्प बसायला नको.

"आणि तू मला," ती घाईने म्हणाली.

 मग मामाच्या मनातला कारागीर जागा झाला असावा, कारण त्याने कागद ओढला आणि पेन तिच्या हातात दिलं. त्याचे आकडे आताशा वेडेवाकडे यायचे. "लिही. चारशे एक कुप्यांमागे स्टोअरला किती गेले?"

"बारा हजार तीस."

"त्यांनी याच्यासाठी काय केलं?"

"तसं म्हटलं तर दुकान त्यांचं. लोक तिथेच येतात. त्यांच्याशिवाय आपलं घड्याळ कुणी पाहिलं नसतं." ठमी स्टोअरची बाजू घेतेय हे तिचं तिलाच विचित्र वाटलं.

"ते बरोबर आहे," मामा म्हणाला. "जागेचं भाडं मीही आयुष्यभर भरलं, गिऱ्हाईक येवो न येवो. हे निदान विक्री झाली तरच घेतात. परक्याने संच घेतला, त्यात तीस घेतले, माझं काही म्हणणं नाही. पण मामाने भाचीला द्यायचे त्यातही?"

"त्यांना काय माहीत कोण मामा नि कोण भाची."

"सांगायचं मग त्यांना."

"काय सांगू? आम्ही दोघं एकमेकांना चोरून पैसे देत होतो, ते विक्रीत धरू नका?"

मामा हसला. आधी नुसता गालात, मग खांदे हलेपर्यंत. ठमीही हसली, आणि हसता हसता तिच्या लक्षात आलं, की ती चढती रेघ आता राहिली नाही. कुपीवाला वजा केला की विक्री पहिल्या महिन्याइतकीच. महिन्याला शंभर संच, कधी दोन कमी, कधी चार जास्त. ती रेघ बघून ती उद्या नोकरी नाकारणार होती आणि होती-नव्हती ती पुंजी ओतणार होती. तिने हे मामाला सांगितलं. लपवण्यासारखं आता काही उरलं नव्हतं.

मामाने फक्त एकच गोष्ट ऐकली. "शंभर? दर महिन्याला परकी माणसं माझ्या घड्याळांचे शंभर संच विकत घेतात?"

"हो, पण तेवढ्यावर भागत नाही रे."

"ते वेगळं. दुकान जोरात होतं तेव्हासुद्धा महिन्याला शंभर घड्याळं आली नाहीत कधी."  मग म्हणाला, "नोकरी घे. गेम बंद करू नको. दुसरी चाळीस घड्याळं सावकाश काढू, तुला सुट्टी असेल तेव्हा. आणि आता माझे शंभरातले पस्तीस. एक रुपया जास्त पाठवलास तर बोलणार नाही."

ठमीने तिथेच बसून ऑफिसला निरोप लिहिला, येते म्हणून. लिहिताना वाईट वाटलं. सहा महिने स्वतःची मालकीण होती ती, ते संपलं. पण निरोप गेला आणि पुंजी संपत चालल्याची रोजची काळजी मिटल्याचं तिला जाणवलं. मामाला तिने दोन्ही सांगितलं.

 तो उठला, कपाट उघडलं आणि नोटांची घडी घेऊन आला. कव्हरवाल्याने सकाळीच दिलेलं दुकानाचं भाडं होतं ते. त्यातले थोडे त्याने बाजूला काढले आणि बाकीचे तिच्यापुढे धरले. हात थरथरत होता, नोटांची टोकं हलत होती.

"पगार व्हायला महिना आहे तुझा," तो म्हणाला.

राहू दे, लागणार नाहीत, आहेत माझ्याकडे, हे सगळं ठमीच्या जिभेवर आलं. ती त्या हाताकडे बघत राहिली. मग तिने पैसे घेतले.

"मोज," मामा म्हणाला.

"असू दे, बरोबरच असतील."

"मोज, ठमे. तीन हजार दिलेत. किती पोचले ते सांग."

तिने चष्मा लावला आणि एकेक नोट मोजली. तीन हजार होते.